डाव्या पिलरमधलं कुंकू

"ठोक ना चांगदेव. ठोकून सांग कंची घ्यायची ती," राघो पाटील म्हणाला आणि दोन गाड्यांच्या समोर प्लास्टिकची खुर्ची ओढून बसला, बस्त्याच्या दुकानात बसावं तसा.

चांगदेवने हात पँटला पुसले. उगाच पुसले, कारण पँट हातांपेक्षा मळकी होती. शेडपुढच्या मोकळ्या जागेत दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. डावीकडे पांढरी, बुटकी जपानी, दोन वर्षं वापरलेली. उजवीकडे काळी, लांबलचक जर्मन, नऊ वर्षांची, पण पॉलिश करून नवरी केलेली. दोन्ही संदेश मोरेने आणल्या होत्या. संदेश जुन्या गाड्यांचा दलाल, घोडबंदर रोडच्या टॉवरांमधल्या लोकांकडून गाड्या उचलायचा आणि गावात खपवायचा. चांगदेवच्या शेडमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या दहा गाड्यांमधल्या सात संदेशच्याच असायच्या.

चांगदेव डेंटर. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा, आणि त्यातली बावीस वर्षं कोलशेतमध्ये राघोच्या जागेवरच्या या शेडमध्ये गेली होती. राघोचा बाप मिठागरावर फावडं मारायचा. राघोच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. पण हा एवढा तुकडा त्याने बिल्डरला दिला नव्हता, कारण इथे बसून गाड्या ठोकताना बघणं हा त्याचा विरंगुळा होता. शिवाय चांगदेवच्या हातावर त्याची श्रद्धा होती, आणि चारचौघांत तो ती बोलून दाखवायचा.

"इंजिन जपान्याचं, पत्रा जर्मनाचा आनि ठोकनारा आमचा चांगदेव," राघो संदेशला म्हणाला. हे वाक्य मूळचं चांगदेवचंच. तरुणपणी कधीतरी तो ते ऐटीत बोलून गेला होता आणि तेव्हापासून सगळं कोलशेत ते त्याच्या नावावर वापरत होतं.

"पप्पा, पत्रा जाड असला म्हणजे गाडी सेफ असं नसतं," कल्पिता म्हणाली. ती पांढऱ्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती. राघोची धाकटी. नुकतीच कल्याणच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली होती, आणि गाडी तिच्यासाठीच घ्यायची होती. "पुढचा भाग चेपायलाच पाहिजे. तो चेपतो म्हणून धक्का तो खातो, आपण नाही. मी टेस्टचे सगळे व्हिडिओ बघितलेत. जपानी काय नि जर्मन काय, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. माणसं बसतात तो पिंजरा टिकला पाहिजे आणि एअरबॅग उघडल्या पाहिजेत. हिच्यात सहा आहेत."

"आनि त्या कालीत?"

"तिच्यातपण सहा," संदेश मध्येच म्हणाला. "आणि वजन बघा ना शेठ. दार लावून बघा, आवाज ऐका."

त्याने दार लावलं. धप्प. राघोने मान डोलावली. पांढरीचं दार लावलं तर टक्क असं वाजलं, आणि राघोने तोंड वाकडं केलं.

"डबा हाय," तो म्हणाला. "माजे पोरीला रोज कल्यानला जायचं हाय. हायवेवर कंटेनर कसे आंगावर येतान, बगितलास ना? हर्षितचे पायात अजून सली हाय." हर्षित त्याचा थोरला. तीन वर्षांपूर्वी गायमुखला एका ट्रकने त्याच्या बाइकला घासलं होतं, आणि तेव्हापासून तो लंगडत होता. राघोचं सगळं भय त्या एका सळईत होतं.

चांगदेवला या वादात दोन्हीकडचं पटत होतं. कुठली गाडी चांगली हे त्याला जाहिरातीवरून कळत नसे, सीटवरून कळे. शेडमध्ये ठोकलेली गाडी आली की तो आधी पुढचा चुराडा बघायचाच नाही. दार उघडून आत बघायचा. गुडघ्यांच्या जागी डॅशबोर्ड फुटलाय का, स्टिअरिंग वाकलंय का, सीटवर डाग आहेत का. बॉनेटचा पापड झालेली जपानी गाडी त्याने पाहिली होती, जिचा मालक दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चहा प्यायला आला होता. बाहेरून नुसता पोचा पडलेली जर्मनही पाहिली होती, जिच्या मालकाचा भाऊ मृत्यूचा दाखला घेऊन आला होता. आणि याच्या उलटंही पाहिलं होतं. ऐटीतलं ते वाक्य त्याने कधीच सोडून दिलं होतं, फक्त लोकांनी सोडलं नव्हतं.

"काका, तुम्हीच सांगा," कल्पिता म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते पप्पा ऐकतील."

तो पांढरीभोवती फिरला. बोटाच्या पेराने दारं, मडगार्ड, छत असं टकटक करत गेला. सगळीकडे एकच आवाज, पातळ आणि खरा. मागच्या बंपरला एक ओरखडा, बाकी हात लागलेला नव्हता. मग तो काळीकडे वळला. बॉनेट बदललेलं होतं, ते चालायचंच. उजवी बाजू चोख. डावं पुढचं दार चोख. मग त्याचं बोट पुढच्या काचेच्या डाव्या पिलरवर गेलं, काचेच्या कडेने छताकडे जातो त्या खांबावर. टक, टक, मट्ट.

तो थांबला. पुन्हा वाजवलं. मट्ट.

पत्र्यावर लांबी भरलेली असली, म्हणजे रंगाआधी भरतात तो लगदा, की आवाज असा मुका होतो. पण हाताला काही लागत नव्हतं. त्याने डोळे मिटून तीन बोटं वरून खाली ओढली. चढ नाही, उतार नाही, लाट नाही. इतकी सपाट लांबी मारणारा ठाणे जिल्ह्यात कोण आहे, असं त्याच्या मनात आलं.

त्याने दार उघडलं. चौकटीचं काळं रबर नखाने वीतभर सोडवलं. आत पत्र्याच्या दुमडीत, जिथे कुणी कधी बघत नाही, तिथे सुकून तपकिरी झालेलं कुंकवाचं बोट होतं.

ही त्याचीच रीत होती. मोठं काम संपलं, गाडीचा पुन्हा जन्म झाला, की पत्रा बंद करण्याआधी तो आत एक बोट कुंकू लावायचा. कलावतीने, त्याच्या बायकोने, त्यासाठी एक छोटी डबी दिली होती. ती हत्यारांच्या पेटीत असायची. दुसरा कुठलाही डेंटर असं करत नव्हता.

त्याने रबर पटकन बसवलं. मान वर केली तर समोर शेडच्या भिंतीवर तो फोटो टांगलेला. एकाच चौकटीत दोन चित्रं. डावीकडे तोंड फुटलेली, डावा पिलर आत घुसलेली रुपेरी गाडी, आणि उजवीकडे तीच गाडी शोरूममधून निघाल्यासारखी. सहा वर्षांपूर्वी कॉलेजात जाणाऱ्या कल्पितानेच आपल्या नव्या मोबाइलवर काढून, छापून, फ्रेम करून दिला होता. खाली तिच्या अक्षरात लिहिलेलं, 'चांगदेव काकांची जादू.' येणाऱ्याजाणाऱ्याला राघो तो दाखवायचा. आताही राघो बरोबर त्या फोटोखाली बसला होता, आणि फोटोतली गाडी काळा रंग लावून त्याच्या समोर उभी होती.

"काय झालं?" राघोने विचारलं.

संदेश बघत होता. कल्पिता बघत होती.

"पत्रा जर्मनच आहे," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं. तीस वर्षांत तो इतकं खरं आणि इतकं वाईट वाक्य बोलला नव्हता. राघोने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "जालं. उद्या रविवार हाय, सकाली नारल फोडू." कल्पिताने चांगदेवकडे एकदा पाहिलं, खांदे उडवले आणि पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून आपली पर्स उचलली.

*

डोंबिवली पश्चिमेच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी चांगदेवने काय काय केलं याची यादी कलावतीला पाठ झाली होती. पंख्याचा रेग्युलेटर खोलला आणि तसाच ठेवला. गॅलरीत गेला, आत आला. चहा मागितला, आला तेव्हा नको म्हणाला. टीव्ही लावला आणि बंद करून पुन्हा लावला.

"पायात भिंगरी बांधलीय का?" ती मेथी निवडत होती. "एका जागी बसा नाहीतर ही भाजी तरी निवडा."

तो बसला. दोन काड्या निवडल्या, त्यात पानं कचऱ्यात आणि देठ ताटात टाकले. तिने ताट ओढून घेतलं.

"ती रुपेरी गाडी आठवते?" त्याने विचारलं. "फोटोतली."

"ती कशी विसरेन? पंधरा दिवस घरी जेवायला आला नव्हतात."

मग त्याने सगळं सांगितलं. ते काम आणणारा दलाल दुसराच होता. गाडीच्या सगळ्या एअरबॅग, धक्का बसला की उघडणारे ते फुगे, फुटून लोंबत होत्या. नव्या घालायच्या तर गाडीपेक्षा त्याच महाग, असं दलाल म्हणाला. मग फाटलेला डॅशबोर्ड सांधून वरून कव्हर चढवलं. आत बॅग नाहीतच. बॅग नसली की गाडीला कळतं आणि समोर लाल दिवा पेटून राहतो. तो पेटू नये म्हणून वायरमनने स्टिअरिंगखाली बोटभर एक तुकडा जोडला, की गाडीला वाटावं सगळं जागेवर आहे. तेव्हा चांगदेव शेजारी बसून टॉर्च धरून होता. त्याला ते आवडलं नव्हतं, पण ते आपलं काम नाही असं म्हणून त्याने मान वळवली होती.

"आणि तुमचं काम?"

"माझं तर त्याहून वाईट," तो म्हणाला. "पिलर अख्खा बदलायचा असतो. मी जुनाच गॅसने तापवला, मऊ केला, ठोकून रांगेत आणला, फाटला होता तिथे वेल्डिंगने सांधला. अॅम्बेसेडरपासून तसंच करत आलो. दोन वर्षांपूर्वी डेंटर लोकांचं ते शिबिर झालं नव्हतं का, टोपी मिळाली होती? तिथे तो शिकवणारा पोरगा पडद्यावर दाखवत होता. हल्लीच्या गाड्यांच्या पिलरचं पोलाद तापवलं की त्याची ताकद जाते. जर्मन असो, जपानी असो. वरून सरळ दिसतं, धक्का बसला की पिठाच्या गोळ्यासारखं दबतं. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. हीच गाडी डोळ्यांपुढे आली. म्हटलं, गेली असेल भंगारात."

कलावतीचे हात थांबले.

"आणि त्यात कुंकू लावलंत," ती म्हणाली. "मी दिलेलं."

"तेव्हा माहीत नव्हतं गं."

"पिलरचं नव्हतं माहीत. फुग्यांचं होतं."

तो पुन्हा गॅलरीत गेला. खालच्या चिंचोळ्या गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी टुकटुक वाजत होती. आयुष्यभर ज्याला आपण कसब म्हटलं त्यातलं सगळ्यात उत्तम काम हेच सगळ्यात वाईट निघावं, याची त्याला लाज वाटत होती. आणि त्याहून जास्त लाज याची, की दुपारी पिलरवरून बोटं फिरवताना एक क्षण त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता.

"संदेश काम द्यायचं बंद करेल," तो आतल्या दिशेने म्हणाला. "राघो शेड काढून घेईल. या वयात कुठे जाऊ?"

"मी लोकांच्या घरी पोळ्या लाटते अजून," कलावती म्हणाली. "तुम्ही त्या पोरीचं बोला."

*

रविवारी सकाळी सातलाच त्याने स्कूटर काढली. मोठागावच्या नव्या पुलावरून खाडी ओलांडून माणकोलीला आला तर हायवेवर ट्रकांची रांग लागलेलीच होती. दोन कंटेनरच्या मधे एक पांढरी गाडी अडकली होती आणि चालवणारी बाई हॉर्न वाजवत होती. चांगदेव बाजूने पुढे गेला. मग वळून त्या गाडीचा पिलर बघितला. मग पुढच्या गाडीचा, मग तिच्या पुढच्या. कशेळीच्या पुलापर्यंत तो पिलरच बघत गेला, आणि एका रिक्षावाल्याने त्याला शिवी घातली.

संदेश आधीच पोचला होता. काळीवर फडकं मारत होता, आरशाला झेंडूची माळ अडकवत होता.

"रविवारी तुम्ही, काका?"

"ही गाडी देऊ नको," चांगदेव म्हणाला. स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच म्हणाला, नाहीतर पुन्हा जीभ उचलली नसती. त्याने थोडक्यात सगळं सांगितलं.

संदेशचं फडकं थांबलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने ही गाडी दुसऱ्या दलालाकडून घेतलेली, त्याला खरंच माहीत नव्हतं. पण आता माहीत झालं होतं, आणि तीच पंचाईत होती.

"सहा वर्षं चालली ना गाडी?" तो हळू आवाजात म्हणाला. "काय झालं तिला? काय नाय झालं. ठोकली तर ना काका. आणि पोरगी काय रॅश चालवते का? साठवर जाईल नि साठवर येईल."

"समोरचा साठवर असतो का?"

"तुम्ही काल बोललात पत्रा चांगला आहे."

"जर्मन आहे म्हणालो."

"तेच ते." संदेशने इकडे तिकडे पाहिलं. "हे बघा, माझा पैसा यात अडकलाय. तुम्ही गप्प बसा, बाकी मी बघतो. नाहीतर सांगतो, एक गाडी या शेडला लागणार नाय. मी काय, कोणीच पाठवणार नाय. जो डेंटर गिऱ्हाइकाला आतलं दाखवतो त्याच्याकडे कोण येईल?"

हे शंभर टक्के खरं होतं, आणि चांगदेवला ते रात्रीपासून माहीत होतं. तो शेडमध्ये गेला, बाहेर आला, पाण्याची बाटली उचलली, न पिता ठेवली. तेवढ्यात फाटकातून राघो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नारळ. मागून त्याची बायको जया पूजेचं ताट घेऊन आणि शेवटी कल्पिता.

"चांगदेव, तूच फोड नारल," राघो म्हणाला. "तुजे हातचा बरा."

जयाने ताट पुढे केलं. हळद, कुंकू, अक्षता, पेढा. चांगदेवने त्या कुंकवाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. मग वळला, शेडच्या भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला, शर्टच्या बाहीने काच पुसली आणि कल्पिताच्या हातात दिला.

"हा तू काढलेला."

"हो. का?"

"ही तीच गाडी आहे."

कल्पिताने फोटोकडे पाहिलं, मग काळीकडे. राघो हसत होता, कारण त्याला वाटलं ही चांगलीच गोष्ट आहे. "मंग तर सोन्याहून पिवलं," तो म्हणाला. "चांगदेवचे हातची हाय."

"म्हणूनच नको," चांगदेव म्हणाला. "राघोशेठ, ही जर्मन नाही राहिली आता. ही माझी आहे. हिच्यात फुगे नाहीत. आणि हा पिलर मी जाळलाय. माझ्या हाताने."

मग तो सगळं बोलला. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. तापवल्याचं, शिबिराचं, स्टिअरिंगखालच्या तुकड्याचं, अगदी मान वळवल्याचंसुद्धा. राघोच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याच्यामागचा माणूस हळूहळू निघून गेला.

"काल तुला माहीत होतं," राघो म्हणाला.

"होतं."

"मी तुला इचारला. ठोकून सांग बोललो."

"हो."

"हर्षितचा पाय मी तुला सांगितला. रं, तुजेसमोर बोललो मी."

राघोने हातातला नारळ जयाच्या ताटात ठेवला. ताट कलंडलं, अक्षता जमिनीवर सांडल्या. "उद्या बोलू शेडचं," एवढंच म्हणून तो फाटकाकडे निघाला. जया त्याच्या मागे गेली, पण जाताना थांबली, पेढा उचलून तिथल्या स्टुलावर ठेवला. का ठेवला, कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

संदेश आरशावरची माळ काढायला लागला. "झालं समाधान?" तो म्हणाला. "मी काय ही घरात ठेवणार नाय. पनवेलला एक पार्टी आहे, बुधवारपर्यंत जाईल."

कल्पिता अजून तिथेच उभी होती, फोटो छातीशी धरून. ती चिडली आहे की रडणार आहे हे चांगदेवला कळेना.

"माझ्याकडे येतात ना काका, पेशंट," ती म्हणाली. "डॅशबोर्डवर गुडघे आपटलेले. मी त्यांना रोज सांगते, गुडघा किती वाकतोय बघा. दहा अंश, पंधरा अंश." तिने काळीच्या डॅशबोर्डकडे पाहिलं. "मी नाही बसणार हिच्यात, ठीक आहे. पण पनवेलची पार्टी म्हणजे पण कोणीतरी बसणारच ना?"

चांगदेवने तिच्याकडे पाहिलं. रात्रभर त्याने फक्त हिचाच विचार केला होता. दुसरं कुणी त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तो शेडमध्ये गेला. ग्राइंडर घेऊन आला, वायर प्लगमध्ये खुपसली.

"ए काका," संदेश म्हणाला. "काय करताय? काका, हात लावू नका गाडीला."

"माझ्या पत्र्याला लावतोय."

ग्राइंडर सुरू झालं तसं पुढचं काही ऐकू आलं नाही. काळा रंग उडाला. खालचा रुपेरी रंग उडाला. मग पांढरी पूड उडायला लागली, लांबीची, त्याने पंधरा दिवस घासून घासून आरसा केलेली. ती त्याच्या भुवयांवर, मिशांवर बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पुडीचं असावं. संदेशने त्याचा दंड धरला, हलवला आणि त्याचा चेहरा बघून सोडून दिला. हळूहळू खालचा पत्रा दिसायला लागला. निळसर, जांभळट, तापवल्याचे डाग असलेला, आणि मधोमध आडवा, ओबडधोबड वेल्डिंगचा सांधा. आंधळ्यालाही बोट फिरवून कळला असता.

त्याने ग्राइंडर बंद केलं. रबर ओढून काढलं आणि बनियनचा कोपरा थुंकीने ओला करून आतलं कुंकू पुसलं. दोनदा पुसावं लागलं.

"आता दाखवून वीक," तो संदेशला म्हणाला. "नाहीतर भंगारात दे. नुकसान काय होईल ते माझ्या अंगावर."

"तुमच्या अंगावर काय आहे काका?" संदेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण पूर्ण नव्हता. तो फोन काढून लांब जाऊन उभा राहिला.

चांगदेव ड्रायव्हरच्या दाराशी गुडघे टेकून आत वाकला. पाठ दुखत होती. स्टिअरिंगखालचं झाकण काढून आत चाचपडलं. वायरींच्या गुंत्यात तो तुकडा त्याच्या बोटाला लगेच लागला, पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, सहा वर्षांपूर्वी होता तिथेच. त्याने ओढला. तो सहज निघाला.

मग तो सीटवर बसला. दुसऱ्या बाजूचं दार उघडून कल्पिता शेजारी येऊन बसली. फोटो तिने मांडीवर पालथा ठेवला होता. लहानपणी ती अशीच शेडमधल्या मोडक्या गाड्यांत येऊन बसायची आणि तो स्टिअरिंग फिरवून तिला कल्याणला, नाशकाला, मामाच्या गावाला नेऊन आणायचा.

त्याने चावी फिरवली. समोर सगळे दिवे एकदम पेटले. हिरवे, पिवळे, लाल. मग एकेक करून विझत गेले. ब्रेकचा गेला, बॅटरीचा गेला, तेलाचा गेला. एकच उरला. पट्टा बांधून बसलेला छोटासा लाल माणूस, आणि त्याच्या छातीपुढे गोल फुगा.

दोघं त्याच्याकडे बघत राहिले. काचेपलीकडे संदेश फोनवर कुणाला तरी हातवारे करून सांगत होता.

"काका, हा जात का नाही?" कल्पिताने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"नाही जाणार," चांगदेव म्हणाला. पुडीने पांढरे झालेले त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि कालपासून पहिल्यांदाच ते स्थिर होते. "आता नाही जाणार."